पाठ नसलेले अभंग

काच वर गेली तेव्हा प्रफुलच्या ध्यानात आलं, की बटण आपल्याच बोटाने दाबलंय. दुपारचे पावणेबारा. रेल्वेचं फाटक पडलेलं, कोळशाची मालगाडी कसलीच घाई नसल्यासारखी सरकत होती, आणि गाडीच्या डाव्या अंगाला, बाबांच्या खिडकीला अगदी खेटून, डोक्यावर दोन भोंगे बांधलेला ऑटो येऊन थांबला होता. ऑटोच्या पाठीवर नाटकाचं पोस्टर. एक रडणारी बाई, एक पिस्तूलवाला, कोपऱ्यात डोळे फिरवणारा विनोदी नट, आणि खाली पिवळ्या अक्षरांत वडशाच्या कुठल्याशा कंपनीचं नाव. भोंगा ओरडत होता, "नाट्यरसिक मायबापहो, मंडईनिमित्त एकच प्रयोग, तीन अंकी, कौटुंबिक, काळीज पिळवटून टाकणारं..." आणि शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलेल्या बाबांचे, रामाजींचे, ओठ हलले. एका 'नाई'शिवाय दुसऱ्या कशासाठी, दोन महिन्यांत पहिल्यांदा. प्रफुलने ते पाहिलं. भोंग्यातला शब्द यायच्या अर्धा शब्द आधी ते हलत होते, हेही पाहिलं. आणि तरीसुद्धा बोट बटणावर गेलं, काच सरसर वर चढली, भोंगा बाहेर राहिला. ओठ थांबले. रामाजींनी मान वळवून काचेकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग परत समोर. मालगाडी संपली, फाटक उघडलं, मागच्याने हॉर्न दिला.

आता कोणी म्हणेल, धूळ येत असेल, ऊन लागत असेल. तसं काही नव्हतं हो. डिसेंबरातलं गोड ऊन होतं आणि ती त्याच्या बोटाची जुनी खोड होती. प्रफुल चंद्रपुरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवायचा, विभागप्रमुख होता, आणि नागपूरच्या एका दैनिकात दर रविवारी पुस्तकांवर लिहायचा. दोन जिल्ह्यांतले लिहिणारे त्याला वचकून असत. कोणाच्या घरी गेला की चहा यायच्या आत त्याची नजर कपाटावरून फिरून यायची आणि माणसाचा निकाल लागून जायचा. कपाटात जाड पुठ्ठ्याच्या प्रेमकादंबऱ्या दिसल्या की त्याच्या नाकाचा शेंडा जरासा वर जाई. हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं, त्याच्या बायकोला, रंजीताला, पक्कं ठाऊक होतं. ती आपली मालिका स्वयंपाकघरात कानात इअरफोन घालून बघायची, आणि हा पाणी प्यायला आत आला की मोबाइल पोळ्यांच्या डब्यामागे सारायची. मुलगी दिव्यानी नागपूरला इंजिनीअरिंगला होती. आपला एक मित्र आहे, पुढे लग्नाचा विचार आहे, हे तिने बापाला फोनवर बिनधास्त सांगून टाकलं होतं, पण आपल्या मोबाइलमध्ये कोणती गाणी आहेत हे तिने त्याला आजवर कळू दिलं नव्हतं.

गाडी गियरमध्ये टाकताना आपल्याला आता लाज वाटायला हवी, असं प्रफुलला वाटलं. वाटायला हवी एवढंच. लाज काही आली नाही. दोन महिने हे असंच चाललं होतं. गावाहून फोन आला, बाबा वावरात पडले, उजवा हात गेला, वाचा गेली, तेव्हा तो वर्गात होता. त्याने धडा पुरा केला, हजेरी घेतली आणि मग निघाला. दवाखान्यात डॉक्टरांनी रामाजींच्या उजव्या तळव्यावर टाचणी टोचून दाखवली होती, काहीच समजत नाही बघा म्हणून. त्या दिवशी संडासात जाऊन प्रफुलने स्वतःच्या हाताला कचकचून चिमटा घेतला. दुखलं. म्हणजे हात ठीक होता. बाकी कुठे टोचून बघायचं ते त्याला समजलं नाही, आणि तो पॅन्टला हात पुसून बाहेर आला.

पॅथॉलॉजीच्या वरच्या मजल्यावर अमरीन मॅडमची खोली होती. मॅडम म्हणायचं एवढंच, पोरगी सत्तावीस-अठ्ठावीसची, बल्लारपूरची, हरवलेली वाचा परत आणायचं शिक्षण घेऊन आलेली. भिंतीवर केळं, गाय, चावी, छत्री अशी चित्रं. पहिल्या दिवशी तिने रामाजींना नमस्कार करून एक-एक चित्र दाखवलं होतं आणि रामाजी प्रत्येकाला "नाई" म्हणाले होते. तोंडात तेवढाच एक शब्द उरलेला. मग तिने प्रफुलला बाजूला घेऊन समजावलं. म्हणाली, "सर, बोलायचा शब्द आणि पाठ असलेला शब्द, दोन्ही एका जागी नसतात. कितीतरी पेशंटला नाव सांगता येत नाही, पण गाणं येतं, पाढे येतात, नमाज येते. जे हजारदा तोंडातून गेलंय ते सहसा शिल्लक असतं. त्याला धरून आपण बाकीचं ओढून आणू. आता मला सांगा, बाबांना काय पाठ आहे?"

किती साधा प्रश्न. आणि प्रफुलच्या तोंडून, एक क्षण न थांबता, बाहेर पडलं, "अभंग. रोज वाचायचे." इतक्या सहज, की त्याला स्वतःलाच ते पटलं. अमरीनने वहीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात ती चार अभंग पाठ करून आली. तिच्या घरात अभंग कुठले असायला. मोबाइलवर लावून, डबा भरता भरता ती ते शिकली होती. वहीत ओळी लिहून, कुठे लांबवायचं तिथे खालून निळ्या रेघा मारल्या होत्या. ती रामाजींचा डावा हात हातात घेऊन ठेका धरायची आणि ओळ अर्धी सोडून त्यांच्या तोंडाकडे बघायची. सहा आठवडे बघत होती. रामाजी तिच्याकडे मायेने बघत, मान हलवत, आणि म्हणत, "नाई."

आजही तेच झालं. अर्धा तास संपल्यावर तिने वही मिटली आणि हळूच विचारलं, "सर, पहिले तीन महिने फार मोलाचे असतात. त्यातले दोन गेले. पुढे मेंदू हट्टी होतो. बाबांना नक्की अभंग पाठ आहेत ना?"

"हो," प्रफुल म्हणाला. खाली येऊन त्याने वडिलांना गाडीत बसवलं, पट्टा लावला, त्यांचा निर्जीव हात उचलून मांडीवर नीट ठेवला. फाटकात आता ऑटो नव्हता.

रामाजींना अभंग येत नव्हते. एकही येत नव्हता. सावली गावाच्या पुढे, वैनगंगेकडे जाताना लागणाऱ्या गावातला हा धानाचा शेतकरी, दिवाळीला धान चुरून, मळून झालं की होळीपर्यंत प्रॉम्प्टर होत असे. या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, मंडईत नाटक असतं, आणि नाटकवाले रोज नवं गाव, नवं नाटक करत फिरतात. पाठांतराला वेळ कोणाकडे? राजाचा पार्ट करणारा सकाळी गाडीत झोपलेला, नायिका कालच्या गावातून आज थेट मेकअपला बसलेली. सगळी मदार रामाजींवर. रंगमंचासमोर खड्डा, त्यात पेटीवाला, तबलजी, आणि त्यांच्या बाजूला मांडीवर वही घेऊन रामाजी. नायकाची शपथ, नायिकेचा हुंदका, खलनायकाचं हास्य, सगळं त्यांच्या तोंडून एकाच सपाट आवाजात जायचं, रेशन दुकानात नावं पुकारतात तसं. वर नट ते झेलायचे आणि छाती पिटायचे. लहानपणी प्रफुल त्या खड्ड्यात बापाच्या पाठीला टेकून बसे. तिथून वरचे चेहरे दिसत नसत, पाय दिसत. कितीतरी नाटकं त्याने नुसत्या पायांवरून पाहिली. नखपॉलिश लावलेले, भेगा पडलेले, थरथरणारे पाय. एकदा एका नाटकात माय मेली तेव्हा तिचे पाय बघून तो इतका रडला, की बापाला डाव्या हाताने त्याचं तोंड दाबून धरावं लागलं, आणि उजव्या हाताने पान उलटत, आवाजात तिळभर फरक न पडू देता त्यांनी पुढचं वाक्य दिलं.

मग नागपूर. होस्टेलची खोली, पहिलं वर्ष, चार-पाच पोरं पलंगावर बसलेली, तुझं आवडतं नाटक कोणतं म्हणून विषय निघालेला. प्रफुलने भोळेपणाने सांगितलं. सांगितलंच नाही, उठून करून दाखवलं, मायच्या मरणाचा सीन, गुडघ्यावर बसून. तिथे कोणी दुष्ट नव्हतं. एक जण हसला, चुकून हसावं तसा, आणि मग सगळे हसले. प्रफुलला तीस वर्षांनीही त्यातलं सगळ्यात स्वच्छ आठवतं ते हे, की त्यांच्यात तोही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. त्या दिवशी त्याने कानाला खडा लावला. काय आवडलं म्हणून सांगायचं, ते आधी चार जणांच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. पुस्तकांनी त्याचं काही वाईट केलं नव्हतं, उगाच पुस्तकांवर खापर फोडण्यात अर्थ नाही. लायब्ररीत बसून त्याने जे वाचलं त्यातलं कितीतरी खरोखर मोठं होतं, आणि काही पानांवर त्याचा श्वास खरोखर अडकला होता. पण श्वास अडकला तरी तो आजूबाजूला बघून घ्यायचा. पुढे पुढे आधी बघायची सवय इतकी झाली, की अडकायचं राहूनच गेलं.

चार वर्षांपूर्वी चंद्रपुरातच एक चर्चासत्र झालं, त्यात प्रफुलने निबंध वाचला. विषय होता स्वस्त भावुकतेने लोकांची चव कशी बिघडवली. झाडीपट्टीचं नाव घेऊनच त्याने सालटी काढली. टाळ्या पडल्या. वाचता वाचता नजर गेली तर शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, रामाजी बसलेले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, रंजीताकडून ऐकून ते एसटीने आले होते. त्यांना गावी सोडायला जाताना प्रफुल स्टिअरिंग घट्ट धरून काहीतरी ऐकायची वाट बघत होता. बऱ्याच वेळाने रामाजी म्हणाले, "मांगपर्यंत आला आवाज. एकबी शब्द खाल्ला नाई तू." बस. त्यानंतर त्यांनी खिडकी उघडली आणि रस्त्याकडेचं धान कापणीला आलं काय ते बघत राहिले.

आणि वह्या. पत्र्याची एक पेटी होती, तिच्यात रामाजींच्या हातच्या पन्नासेक वह्या, एकेका वहीत एकेक नाटक, पार्टांची नावं लाल शाईत. गावाकडच्या घराचं छप्पर बदलताना ती पेटी चंद्रपूरला आली आणि त्या दिवाळीत, घराला रंग देताना, प्रफुलने वर्तमानपत्रांसोबत तिच्यातलं सगळं रद्दीवाल्याला देऊन टाकलं. मुद्दाम नाही. मुद्दाम करायलासुद्धा त्या वह्यांकडे नीट बघावं लागलं असतं. रद्दीवाला सुतळीने गठ्ठे बांधत होता आणि रामाजी सोफ्यावर बसून ते बघत होते. "त्या पेटीतलं होय काय?" त्यांनी विचारलं. "बरं झालं. वाळवी लागून राह्यली होती." मग ते उठून गॅलरीत गेले आणि जेवायला हाक मारेपर्यंत आत आले नाहीत.

घरी आल्यावर रंजीताने सासऱ्यांना भरवलं. डाव्या गालाकडून वरण-भाताचा छोटा घास, मग पाणी, मग रुमाल. प्रफुल दारात उभा होता. फाटकातलं तिला सांगावं, असं त्याने ठरवलेलं नव्हतं, पण तो बोलला. ऑटोचं बोलला, ओठांचं बोलला, काचेचं गाळलं. रंजीताचा घास हातातच राहिला.

"मंग तुमी मॅडमले नाटकाचंच सांगा ना. बाबांले तं सारे नाटकं पाठ हायेत. मी मेथी तोडत बसली का मले सांगत जात, पहिल्या अंकापासून."

"तुला?"

"मंग कोणाले सांगतीन? तुमाले?" ती सहज बोलून गेली आणि मग त्याच्याकडे नीट बघितलं. आरमोरीची बाई, मनात आलं ते तोंडात येऊ देणारी, फक्त नवऱ्यापुढे वीस वर्षं जपून वागलेली. "मॅडमनं विचारलं असन ना पहिल्याच दिवशी? काय सांगितलं तुमी?"

"अभंग."

 रामाजी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांचं ऐकणं शाबूत होतं, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. रंजीताने घास त्यांच्या तोंडात दिला, तोंड पुसलं, ताट उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारातून मागे न बघता म्हणाली, "लाज वाटली तुमाले. सहा हप्ते ते पोरगी गाऊन राह्यली, अनं तुमी बाजूले बसून आयकून राह्यले. सावलीच्या सादिकभाऊकडे एखादी वही असन. पाहा जाऊन." मोरीत ताट जोरात आपटल्याचा आवाज आला. प्रफुल तिथेच उभा राहिला. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि ते त्याने कोणा दुसऱ्याबद्दल ऐकावं तसं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मूल गाव ओलांडलं, जंगल संपून धानाच्या बांध्या लागल्या, कापणी झालेल्या, नुसत्या खुंटांच्या. सादिकचं दुकान सावलीच्या बाजारओळीत होतं. एके काळी नाटकात पेटी वाजवणारा हा माणूस आता ब्लाऊज शिवत होता. प्रफुलला बघून त्याने मशीनवरचा पाय काढला. "ये बाबू. कसा हाय रे मेरा यार?" त्याने स्टूल पुढे केलं, चहा सांगितला, आणि रामाजींचं सगळं ऐकून घेतल्यावर बराच वेळ टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. वही त्याच्याकडे होती. अस्तरांच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, एकच. नाटकाचं नाव 'माय उभी कोर्टात'.

"बाकीच्या तुयाकडंच असतीन ना?" सादिक म्हणाला.

"नाहीत."

 वही देता देता सादिक बोलत राहिला. "तुया बापानं जिंदगीत पार्ट केला नाई, मालूम हाय? एकदा राजाचा गडी तापानं पडला. सारे म्हणे रामाजी, तूच हो राजा, तुले तं सारं पाठ हाय. उभा केला आम्ही त्याले. बापा रे! एक शब्द नाई निघाला तोंडातून. घामानं भिजला. खाली खड्ड्यात येऊन बसला अनं मंग म्हणे, मले बोलता येत नाई सादिक, मले फक्त देता येते." तो हसला आणि हसता हसता चष्मा पुसायला लागला. "भाव नाई टाकाचा त्यानं कधी. म्हणे भाव टाकणं हे नटाचं काम हाय, आपण मधी मधी करायचं नाई. गडी अडला का द्याचं, नाईतं चूप." चहा आला, प्रफुलने तो प्याला. परतताना वही बाजूच्या सीटवर होती. ती त्याने एकदाही उघडली नाही.

मंगळवारी अमरीनने वही हातात घेतली आणि तिचे डोळे चमकले. "हे काय सर? बाबांना नाटकही आवडायचं?"

"कधीतरी," प्रफुल म्हणाला. झालं, तिसऱ्यांदा खोटं.

ती मायचा पार्ट वाचायला लागली, प्रफुलने मुलाचा घेतला. कथा अशी, की मायने दुसऱ्यांची भांडी घासून मुलाला वकील केलं आणि तो वकील भर कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या मायला ओळख देत नाही. असा योगायोग विद्यार्थ्याच्या कथेत आला असता तर प्रफुलने समासात लाल शाईने 'बटबटीत' लिहून परत केली असती. अमरीन मात्र रंगून वाचत होती. पोरीला गळा होता. रामाजी वहीकडे बघत होते, तिच्याकडे बघत होते, पण तोंड मिटलेलं. ती वाक्याचा शेवट सोडून वाट बघायची, पाच सेकंद, दहा सेकंद. काही नाही. प्रफुलने आपलं वाक्य वाचलं. 'युवर ऑनर, हिच्या दुधाची मला शपथ आहे, नव्हे, हिच्या दुधाने माझं रक्त नासलं आहे' असं काहीतरी होतं. ते त्याच्या जिभेवर येईना. त्याने मधलं गाळलं आणि पुढच्या ओळीवर गेला. फाडकन आवाज झाला. रामाजींनी डावा हात टेबलावर आपटला होता. "नाई," ते म्हणाले. आणि या खेपेला त्या शब्दात राग होता, अमरीन दचकून उभी राहिली इतका.

प्रफुल मागे गेला. त्याने ते वाक्य वाचायला घेतलं. "युवर ऑनर," तो म्हणाला, आणि पुढे जाता येईना. अक्षरं समोर होती, बापाचं वळणदार अक्षर, लाल शाईतलं नाव, पण तोंड उघडेना. खोलीत पंख्याचा आवाज होता. खाली कोणीतरी रिपोर्ट मागत होतं.  मग रामाजी खुर्चीत पुढे सरकले, डावा पंजा तोंडाशी आडवा धरला आणि पुटपुटले, "हिच्या दुधाची मला शपथ आहे."

स्वच्छ. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आवाजात काहीही नाही.

प्रफुलने ते म्हटलं. रामाजींनी पुढचं दिलं, "नव्हे, हिच्या दुधाने माझं रक्त नासलं आहे." प्रफुलने तेही म्हटलं. अमरीनने वही झटकन मिटून पाठीमागे धरली, आणि तिला एका घटकेत कळलं, की तोंडाकडे बघत थांबणाऱ्याला हे देत नाहीत, अडलेल्याला देतात. ती मायचं वाक्य अर्धं बोलून मुद्दाम अडली. रामाजींनी तिलाही दिलं. शिपायाचं दिलं, न्यायाधीशाचं दिलं. दोन पानं झाली. दोन महिने नाई-नाई करणारा माणूस कोर्टाचा आख्खा प्रवेश खालच्या पट्टीत चालवत होता, आणि त्याच्या कपाळावर एक आठीसुद्धा नव्हती. अमरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रवेश संपला तसे रामाजी मागे टेकले. तिने त्यांना पाण्याचा ग्लास दाखवून विचारलं, "बाबा, हे काय?" ते म्हणाले, "नाई."

"हरकत नाही," ती म्हणाली. "दार उघडलंय. आपण याच वाटेने पाणी आणू, जेवण आणू, तुमचं नावही आणू." मग प्रफुलकडे वळली. "सर, बाबा काय काम करत होते?"

"शेती. आणि..." तो थांबला. "प्रॉम्प्टर होते. तीस वर्षं."

"मग अभंग?"

"अभंग त्यांना येत नाहीत."

तिने आपली दुसरी वही, निळ्या रेघांची, टेबलावरून उचलून पर्समध्ये ठेवली. चेन लागेना, दोनदा अडकली. "मला चार पाठ झाले," ती म्हणाली. पुढे तिचा आवाज चढला. "सहा आठवडे, सर! मी रोज घरी जाऊन विचार करायचे, माझंच काय चुकतंय. नातेवाईक पेशंटची दारू लपवतात, मारझोड लपवतात, ते मला समजतं. नाटक कोणी लपवतं का हो?"

"माझी चूक झाली मॅडम."

"मला नका सांगू. बसलेत ना ते समोर? त्यांना सगळं समजतं. त्यांना सांगा."

प्रफुलने स्टूल ओढलं आणि वडिलांच्या समोर बसला. इतक्या जवळून त्याने त्यांचा चेहरा किती दिवसांनी पाहिला होता कोण जाणे. उजवा गाल उतरलेला, हनुवटीवर रंजीताने दाढी करताना सुटलेले दोन पांढरे केस. "बाबा," तो म्हणाला. पुढचं वाक्य शोधायला लागला. एक सुचलं, ते फार पुस्तकी होतं. दुसरं सुचलं, त्यात रडगाणं होतं. तिसरं बरं होतं, पण ते त्याने कुठेतरी वाचलेलं होतं. एकेक करून त्याने सगळी खोडली आणि आत काहीच उरलं नाही. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेला माणूस तोंड उघडं ठेवून बसला. आत रडू नव्हतं, धडधड नव्हती, आठवण नव्हती. एक रिकामी, पुसून घेतलेली जागा होती आणि तिथे तो अडला होता.

रामाजींनी त्याच्याकडे पाहिलं. थोडी वाट पाहिली. मग पुढे झुकले, डावा पंजा तोंडाशी नेला.

"बाबा, मी पापी आहे. मला तुमच्या पायांशी जागा द्या."

कोणत्या नाटकातलं होतं देव जाणे. दहा नाटकांत असेल. प्रफुलने आजवर वाचलेल्या, ऐकलेल्या वाक्यांमधलं हे सगळ्यात टाकाऊ वाक्य होतं.  रामाजींचे डोळे त्याच्या ओठांवर होते.

"बाबा, मी पापी आहे," प्रफुल म्हणाला. "मला तुमच्या पायांशी जागा द्या."

रामाजींनी तळहात वरच्या दिशेने दोनदा हलवला. आवाज वाढव.

प्रफुलने वाढवला. बाहेर बाकावर बसलेल्या बाईने दारातून डोकावून पाहिलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. पुन्हा तळहात हलला, पुन्हा त्याने म्हटलं, आता गळ्याच्या शिरा ताणून. वाक्य बाहेर पडलं, भिंतीवरच्या गाय-केळ्यांवर आपटलं आणि विरलं. काहीतरी व्हावं म्हणून तो थांबला. छातीत, पोटात, कुठेही. झालं नाही. पण बापाने मान डोलावली, काम नीट झाल्यावर डोलावतात तेवढीच. आणि त्याच सपाट, कोरड्या, कोणाचाही नसलेल्या आवाजात पुढचं वाक्य दिलं.

"ऊठ लेकरा. तुझ्या बापाने तुला केव्हाच माफ केलं."

प्रफुल तसाच बसला होता. हे कोणी बोललं, कोणाला बोललं, त्याला समजेना. त्याने रामाजींच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला, पण ते त्याच्याकडे बघतच नव्हते. ते त्याच्या खांद्यावरून पलीकडे, खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथे बापाचा पार्ट करणारा गडी उभा असायला हवा होता आणि तो बोलत नव्हता. रामाजी थोडे थांबले. मग पंजा पुन्हा तोंडाशी नेऊन, मघापेक्षा जरा स्पष्ट, त्यांनी ते वाक्य त्या गड्याला परत एकदा दिलं, आणि तो ते म्हणेल म्हणून वाट बघत राहिले.